पंप पाणी ओढत नाही
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टेबलावर ही काचेची बाटली आहे. पाण्याने काठोकाठ भरलेली, तोंडाशी घट्ट रबरी बूच, आणि बुचाच्या भोकातून तळापर्यंत गेलेली नळी. पुढच्या रांगेतला तो निळ्या सदऱ्यातला मुलगा, ये बाळ, या नळीतून पाणी पिऊन दाखव. येत नाही ना? अजून जोर लाव. बघा, गाल पार आत गेले, पण पाणी काही वर चढत नाही. आता मी बूच जरासं सैल करतो. ओढ. आलं! याने आत्ता काही जास्त जोर लावला नाही. बुचाच्या फटीतून बाहेरच्या हवेला आत शिरायला वाट मिळाली, एवढाच काय तो फरक.

हवा कधीच कशाला ओढत नाही, ती फक्त ढकलते. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. हवेचे रेणू सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने धावत असतात आणि समोर येईल त्या पृष्ठभागावर आदळत असतात. त्या असंख्य धडकांचा एकत्रित परिणाम म्हणजे हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो वजनाइतका असतो. या मुलाने नळीतली हवा कमी केली, म्हणजे आतल्या धडका कमी केल्या. पाणी वर चढवलं ते बाहेरच्या हवेने.

पण बाहेरच्या हवेलाही मर्यादा आहे, आणि ती प्रथम लक्षात आली ती पंपावर काम करणाऱ्यांच्या. गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथात सग्रेडो नावाचं पात्र सांगतं, की पंप पाणी चढवेना म्हणून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाणीच फार खोल गेलंय; अठरा ब्राच्चोच्या वर ते चढणार नाही. अठरा ब्राच्चो म्हणजे साधारण साडेदहा मीटर. कारागिराचं निरीक्षण अचूक होतं. गॅलिलिओने मात्र कारण असं दिलं, की पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच वजनाने तुटतो. हे कारण टिकलं नाही. त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेलीने पाण्याऐवजी 13.6 पट जड असा पारा घेतला. नळीत पारा 76 सेंटीमीटरवर थांबला. हा स्तंभ बाहेरच्या हवेच्या भाराने तोलला जातो, असं त्याने जून 1644 च्या पत्रात लिहिलं.

हे खरं असेल, तर डोंगरावर हवा कमी म्हणून पाराही उतरायला हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने हे ताडून पाहायचं काम थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोरँ पेरिए यांच्यावर सोपवलं. 19 सप्टेंबर 1648 रोजी पेरिए फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर चढले. मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची सावधगिरी. पाऱ्याची दुसरी नळी त्यांनी पायथ्याच्या मठाच्या बागेत ठेवली आणि एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. ती नसती, तर पारा हवामान बदलल्यामुळे उतरला असं कुणीही म्हणालं असतं. बागेतला पारा दिवसभर हलला नाही. माथ्यावरचा सुमारे साडेआठ सेंटीमीटर खाली आला. तिथल्या देवळाच्या आत, उघड्यावर, धुक्यात, पेरिएंनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, उत्तर तेच.

आता आपल्या विहिरींकडे या. समुद्रसपाटीला हवा पाणी जास्तीत जास्त 10.3 मीटर चढवू शकते. पुण्याच्या उंचीवर ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते, महाबळेश्वरला नऊच्याही आत. आणि हे झालं कागदावर. फुटव्हॉल्व्ह, पाइपातलं घर्षण, एखाद्या सांध्यातून शिरणारी हवा, पाण्याची स्वतःची वाफ, हे सगळं वजा केलं की हाती सहा-सात मीटर उरतात. त्यापुढे ताणलं, तर पंपाच्या आत दाब इतका घसरतो की पाणी गार असूनही उकळतं. बुडबुडे होतात, इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. तेव्हा पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ओळखायला शिका.

दर मे महिन्यात मी हेच बघतो: पाणी खाली गेलं, काठावरची मोटर पाणी सोडू लागली, की शेतकरी तीन एचपीच्या जागी पाच एचपी बसवतो. पैसे जातात, पाणी येत नाही. पंपापासून खालच्या पाण्यापर्यंतच्या उंचीची मर्यादा हवा ठरवते. तिथे एचपी वाढवून काही होत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे, नवी मोटर घेण्याआधी दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं उभं अंतर मोजा. ते सात मीटरच्या पुढे असेल, तर पंप पाण्याजवळ खाली घ्या किंवा पाणबुडी मोटर बसवा. ती पाण्यातच बुडालेली असते आणि पाणी खालून वर ढकलते, म्हणून तिला ही दहा मीटरची मर्यादा लागू होत नाही.