गोठलेल्या वाटेवरचे चालणे : फिनलंडचा अनुभव



निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागवतात आणि पहाटे फिरावयास जाणारी मंडळी पांघरूण सोडण्यास राजी नसतात. आपल्या हवामानात हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या देशात वर्षातील चार-पाच महिने पाच अंश ही ऊबदार हवा समजली जाते, तेथील माणसे हिवाळ्यात काय करीत असतील? घरात दारे-खिडक्या लावून वसंताची वाट पाहत बसत असतील, असे सहज वाटते. फिनलंडने हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला, त्यात शासन, ग्रामसंस्था आणि शाळा या तिघांचाही वाटा आहे. म्हणून त्याची थोडी तपशीलवार ओळख करून घेणे उचित ठरेल.

फिनलंडचे क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा किंचित अधिक. लोकसंख्या मात्र सुमारे ५६ लाख. राजधानी हेलसिंकी दक्षिण किनाऱ्यावर आहे. तेथे फेब्रुवारीचे सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंश असते. उत्तरेकडील लॅपलंडमध्ये शून्याखाली वीस-तीस अंश ही काही वर्तमानपत्रात छापावी अशी बातमी नव्हे. २८ जानेवारी १९९९ रोजी कित्तिला भागातील पोक्का या वस्तीवर शून्याखाली ५१.५ अंशांची नोंद झाली. तो त्या देशाचा नीचांक होय. थंडीच्या जोडीला अंधार असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात हेलसिंकीला दिवस सहा तासांचाही नसतो आणि अगदी उत्तरेच्या उत्सयोकी येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. सकाळी अंधारात कामावर जावयाचे आणि अंधारातच परतावयाचे, असा हा काळ असतो.

अशा देशाने चालण्या-धावण्याकडे हौस म्हणून पाहिले नाही, याला कारण घडले. १९७० च्या सुमारास कामकरी वयाच्या पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फिनलंडमध्ये जगात सर्वाधिक होते आणि त्यातही पूर्वेकडील उत्तर कारेलिया हा प्रांत सर्वांत पुढे होता. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनतीची माणसे, आणि तरीही चाळिशी-पन्नाशीत कोसळणारी! १९७१ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज करून मदत मागितली. पुढील वर्षी उत्तर कारेलिया प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे आली. कारणे उघड होती : लोणी व साईचा सढळ वापर, मीठ, तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी स्वयंपाकाची प्रात्यक्षिके केली, दुकानदार आणि शाळा सामील झाल्या. पुढील चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या यशाचे श्रेय व्यायामाला देण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ते मुख्यतः आहारातील बदल, धूम्रपानातील घट, रक्तदाबावरील उपचार आणि सुधारलेली वैद्यकीय सेवा यांचे आहे. चालण्याचा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. जंगलात यांत्रिक करवत आली, शेतात ट्रॅक्टर आला, घराशी मोटार आली आणि पूर्वी पोट भरण्यासाठी आपोआप होणारी हालचाल नाहीशी झाली. उन्हाळ्यात ती कशीबशी भरून निघे. हिवाळ्यात मात्र माणूस आरामखुर्चीतून मोटारीत आणि मोटारीतून कचेरीत, एवढाच फिरे.

धावण्याची परंपरा त्या देशाला होतीच. १९२० ते १९२८ या काळातील तीन ऑलिंपिक सामन्यांत नऊ सुवर्णपदके मिळविणारा पावो नुर्मी हे तेथील घराघरांतले नाव आहे. १९७२ मध्ये म्युनिकला दहा हजार मीटरच्या शर्यतीत लासे विरेन मध्येच पडला, उठला आणि जागतिक विक्रम करून जिंकला. पाच हजार मीटरचे सुवर्णही त्याने नेले आणि १९७६ मध्ये माँट्रियलला दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या. हा विरेन खेड्यातला साधा पोलीस शिपाई! परंतु विजेत्यांच्या पुतळ्यांनी शेजारचा कारकून घराबाहेर पडत नाही. त्यासाठी वाट लागते, वाटेवर दिवा लागतो आणि पाय घसरणार नाही असा भरवसा लागतो.

वाट आणि दिवा यांची सोय ग्रामसंस्थांनी केली. फिनलंडमधील गावाच्या कडेला, जंगल जेथे सुरू होते तेथे, दोन-तीन किंवा पाच किलोमीटरची गोल फिरून परत येणारी वाट बहुधा आढळते. तिच्यावर लाकडाचा भुसा अंथरलेला असतो म्हणून तिला ‘पुरुराता’, म्हणजे भुशाची वाट, म्हणतात. लाकूड कापण्याच्या गिरण्यांच्या देशात भुशाला तोटा नाही, आणि तो पायाखाली मऊ राहतो. ठराविक अंतरावर खांबांवर दिवे असतात. हिम पडले की यांतील पुष्कळशा वाटांवर यंत्राने बर्फ दाबून पट्ट्यांवरून घसरत जाण्याच्या स्कीइंगसाठी समांतर चऱ्या पाडल्या जातात. त्या पाडलेल्या चऱ्यांवरून पायी चालणे हा मोठा असभ्यपणा मानला जातो. गावातील वृद्ध मंडळी त्याबद्दल अनोळखी माणसालाही खडसावण्यास कमी करीत नाहीत. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा राखला जातो. संध्याकाळी सहाच्या काळोखात त्या दिव्यांच्या माळेखालून कुटुंबेच्या कुटुंबे फिरताना दिसतात.

या कामाला १९८० मध्ये अमलात आलेल्या क्रीडाविषयक कायद्याने पाठबळ दिले. नागरिकांना व्यायामासाठी सोयी उपलब्ध करून देणे हे ग्रामसंस्थांचे व नगरपालिकांचे काम आहे, असे त्याने ठरविले आणि शासनाने त्यासाठी अनुदान ठेवले. २०१५ च्या सुधारित कायद्यातही ही जबाबदारी कायम आहे. कायदा पदके मागत नाही, वाट मागतो. आपल्या पंचायत सदस्यांना यातील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. एका गावात व्यायामशाळेची इमारत उभी राहते आणि कुलपात राहते, दुसऱ्या गावात नदीकाठचा रस्ता नुसता मोकळा ठेवला तरी लोक त्यावर चालू लागतात.

तिसरी गोष्ट, पाय न घसरण्याची. हीच सर्वांत अवघड. मराठीत आपण आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन परस्परविरोधी वस्तू आहेत. ताजे हिम पायाला धरून ठेवते. कडाक्याच्या थंडीतील घट्ट बर्फही फारसा दगा देत नाही. शून्याखाली वीस-तीस अंशांवर तो कोरडा व खरखरीत लागतो. खरा धोका शून्याच्या आसपास असतो. त्या तापमानाला बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर राहतो आणि बूट त्यावरून तेलावरून सरकावा तसा सरकतो. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठले आणि त्यावर पहाटे हिमाचा पातळ पापुद्रा पडला, की अट्टल चालणारादेखील जमिनीवर येतो. दर हिवाळ्यात हजारो माणसे अशी पडतात. मनगट, घोटा, खुबा मोडून रुग्णालयात जातात. यामुळेच फिनलंडची हवामानसंस्था जहाजांना आणि मोटारींना इशारा देते तसाच पादचाऱ्यांनाही देते : आज पदपथ अत्यंत निसरडे आहेत. पायी चालणाऱ्या माणसासाठी सरकारी हवामानखात्याने निवेदन काढावे, यातच त्याची किंमत दिसते.

घसरण कमी करण्याचे उपायही ठरलेले आहेत. मीठ टाकून बर्फ वितळविण्याचा मार्ग शून्याखाली थोड्याच अंशांपर्यंत चालतो, पुढे निकामी होतो. म्हणून पदपथांवर बारीक खडी पसरतात. १९७८ च्या कायद्यानुसार घरापुढच्या पदपथावरील बर्फ काढणे व खडी टाकणे हे मुळात त्या जागेच्या मालकाचे कर्तव्य आहे. काही नगरांनी ते काम स्वतःकडे घेतले आहे. आपल्या दारापुढे कोणी पडले तर जबाब द्यावा लागेल, या जाणिवेने पहाटे पाचला फावडी वाजू लागतात. हेलसिंकीच्या मध्यवर्ती भागातील काही पदपथांखालून गरम पाण्याचे नळ नेले आहेत, त्यामुळे तेथे बर्फ टिकतच नाही. हा उपाय खर्चिक असल्याने व्यापारी रस्त्यांपुरताच राहिला. ओउलु या उत्तरेकडील शहराने मात्र निराळाच पायंडा पाडला. सायकली आणि पादचारी यांच्या मुख्य वाटा लोक कामावर निघण्यापूर्वी साफ करावयाच्या, हा तेथला शिरस्ता आहे. भर हिवाळ्यात सायकलीवरून शाळेत जाणारी मुले हे त्या शहराचे नेहमीचे दृश्य होय.

आता चालणाऱ्याने स्वतः काय करावे, ते पाहू. बुटाला अडकविण्याचे धातूचे काटे तेथे सर्रास मिळतात. काही नगरपालिकांनी ते ज्येष्ठ नागरिकांना मोफत वाटले आहेत. पावले आखूड टाकावयाची, शरीराचा भार पुढच्या पायावर सरळ ठेवावयाचा, टाच आधी न आपटता सगळा तळवा टेकवावयाचा. बदकाची चाल म्हणून कोणी हसले तर हसो. धावणारा घड्याळाकडे पाहत नाही, कारण बर्फावरील पाच किलोमीटर म्हणजे कोरड्या रस्त्यावरील पाच किलोमीटर नव्हेत. १९९७ च्या सुमारास दोन्ही हातांत काठ्या घेऊन जोराने चालण्याचा प्रकार तेथे रूढ झाला आणि पाहता पाहता जगभर गेला. प्रथम टवाळी झाली. पुढे खांद्या-दंडांना होणारा व्यायाम आणि तोल सावरणे, या दोन्ही कारणांनी वृद्धांनी तो उचलून धरला.

कपड्यांचे तंत्र आपल्या समजुतीच्या उलट आहे. एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे : अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे वस्त्र, त्यावर लोकर, त्यावर वारा अडविणारे आवरण. अंगालगत सुती बनियन नको, कारण ते घामाने भिजते, भिजलेलेच राहते आणि थांबताक्षणी अंग गारठते. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर कपडे जास्त झाले. वारा हा थंडीचा सख्खा भाऊ. शून्याखाली १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला तर उघड्या कातडीला शून्याखाली २० अंशांसारखा गारवा लागतो. म्हणून जाताना वाऱ्याकडे तोंड आणि परतताना पाठ, म्हणजे घामेजलेल्या अंगावर वारा येत नाही. बरोबरच्याच्या गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग दिसला तर तत्काळ सांगावयाचे, कारण हिमदंश झालेल्या माणसाला त्याची जाणीवच नसते.

श्वासाचेही असेच आहे. शून्याखाली २० अंशांच्या एक घनमीटर हवेत बाष्प एका ग्रॅमच्या आसपासच मावते. फुप्फुसात पोचेतो तीच हवा शरीराच्या तापमानाला व सुमारे ४४ ग्रॅम बाष्पाला आणावी लागते. हे पाणी व ही उष्णता श्वासनलिका पुरविते. मंद चालताना नाक हे काम सहज करते. जोराने धावताना तोंडाने ओढलेली कोरडी हवा नलिका आकुंचित करते, खोकला येतो. दमेकऱ्यांना त्याचा विशेष त्रास. तोंडावर रुमाल बांधणे हा साधा व उत्तम उपाय. थंडीत रक्तवाहिन्याही आकसतात, रक्तदाब चढतो. हृदयविकार असणाऱ्याने एकाएकी धावू नये आणि दारापुढचे ओले, जड हिम फावड्याने उपसण्याचे शौर्यही करू नये. हे दुसरे पथ्य तेथील डॉक्टर दर हिवाळ्यात नव्याने सांगतात.

शाळांचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. तेथे साधारणपणे ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटांची सुटी असते आणि ती मैदानात घालवावयाची असते. शून्याखाली दहा अंश हे वर्गात बसून राहण्याचे कारण धरले जात नाही. मुले जाड कपडे चढवून बाहेर जातात, बर्फाच्या ढिगाऱ्यांवर लोळतात आणि लाल नाकांनी परत येतात. शिक्षकाचा बराच वेळ लहानग्यांचे हातमोजे शोधण्यात जातो, ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या आईबापांना पहिल्या वर्षी हे पाहून धडकी भरावी, यात नवल नाही.

सर्वांत कठीण प्रश्न वृद्धांचा आहे आणि तो पूर्ण सुटला असे म्हणता येणार नाही. एकदा पाय घसरून पडलेली आजी पुढील हिवाळ्यात घराबाहेर पडण्यास घाबरते. पाच महिने खुर्चीत बसल्याने तिच्या मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि एप्रिलमध्ये ती घरातल्या घरात पडते. बर्फापासून वाचविलेले हाड बैठकीच्या खोलीत मोडते. त्यामुळे तेथील आरोग्यसेविका घरी बसा असे सांगत नाहीत; काटे लावा, काठ्या घ्या, दुपारच्या उजेडात जा आणि घरी रोज खुर्चीवरून उठबस करा, असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला, वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम जोडले. त्यात हिवाळ्याची सूट नाही.

हवामानबदलाने या सर्व व्यवस्थेपुढे नवेच संकट उभे केले आहे. दक्षिण फिनलंडचे हिवाळे सौम्य होत आहेत. सौम्य हिवाळा म्हणजे सुलभ चालणे, असे वाटेल, घडते उलटेच. पारा शून्याच्या खालीवर होत राहतो, हिमाऐवजी पाऊस पडतो, रात्री त्याचा आरसा होतो आणि शुभ्र हिमाच्या अभावी रस्ते अधिकच काळोखे दिसतात. म्हणून कोटाच्या कडेला दोऱ्याने लोंबणारा, मोटारीच्या दिव्यात चमकणारा छोटा परावर्तक पादचाऱ्याने अंधारात बाळगावा, अशी २०२० पर्यंत तेथे वाहतूक कायद्याचीच अपेक्षा होती. तो दिव्यात चमकला की मोटारचालकाला माणूस बराच अगोदर दिसतो.

एप्रिलमध्ये बर्फ सरतो आणि खाली हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते. काही दिवस सगळे गाव पायाखाली करकरत असते, हवेत धूळ उडते, दमेकरी कुरकुरतात. मग नगरपालिकेच्या गाड्या पाणी मारीत व झाडीत फिरतात आणि पदपथांवरील खडी उचलून नेतात.