पाचवे शील आणि घरातला पाळणा



लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की आपण सुनेलाच नावं ठेवतो. पण अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. जास्त दारूने पुरुषाचे शुक्रजंतू घटतात, दुबळे होतात. विडी-सिगारेटनेही तेच. दुसऱ्याचा धूर रोज नाकात जाणाराही सुरक्षित नाही.

नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढा तरी धीर धरा. पाचवे शील आपण रोज म्हणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारूबंदी आहेच. ती पाळा. आणि सुनेबरोबर मुलाचीही तपासणी करा. साधी वीर्यतपासणी असते, त्यात लाज कसली?

नमो बुद्धाय, जय भीम!