नाकामागची गाठ आणि घशातले आम्ल



माझा जन्म गेला पगार आणि बोनस यांवर बोलण्यात. मी डॉक्टर नाही. पण ज्या गोष्टीने मला माझ्याच घरात मान खाली घालायला लावली, ती मी पुस्तके वाचून आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतली आहे.

माझा धाकटा मुलगा सहा वर्षांचा असताना तोंड उघडे टाकून झोपे, घोरे. हाक मारली तर ओ देत नसे. शाळेतून 'लक्ष नाही' अशी चिठ्ठी आली, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. पुढे तपासणीत कळले, पोराला ऐकूच कमी येत होते.

नाकाच्या मागे, टाळूच्या वर, प्रत्येक मुलाला एक मऊ गाठ असते. तिला ॲडिनॉइड म्हणतात. ती रोगजंतूंशी झुंजते; तीन ते सात या वयात मोठी असते, पुढे आपोआप आक्रसते. ती फाजील वाढली की नाक बंद होते, कानाकडे जाणारी नळी तुंबते आणि पडद्यामागे पाणी साचते. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ साली हे जगापुढे मांडले.

आता आम्लाकडे येतो. जठरातला रस कधी कधी उलटून घशापर्यंत चढतो. छातीत जळजळ होतेच असे नाही. मूल नुसते खाकरते, रात्री खोकते, आवाज घोगरा होतो. काही मुलांच्या काढलेल्या ॲडिनॉइडमध्ये जठरातले पेप्सिन सापडले आहे. त्या रसाने गाठ सुजत असावी, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क उलटा आहे: नाक बंद असले की श्वास जोराने ओढावा लागतो, आणि त्या ओढीने रस वर येतो.

पण यंत्र बिघडले तेव्हा जवळ उभा असलेला कामगारच गुन्हेगार, असे आम्ही मालकाला कधी म्हणू देत नाही. तोच न्याय इथे लावा. दोन विकार एकत्र दिसले म्हणजे एकाने दुसरा घडवला, हे सिद्ध होत नाही. सर्दी, ॲलर्जी हेही आरोपी आहेतच.

म्हणून ॲसिडिटीची औषधे मुलाला आपल्या मनाने देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. पुष्कळदा वाट पाहणे किंवा नाकातला फवारा पुरतो. काहींना शस्त्रक्रिया लागते. झोपेत श्वास अडत असेल तर मात्र दिवस घालवू नका.

एक गोष्ट आपल्या हातची आहे. मी सभा आटोपून रात्री अकराला घरी येई. पोर माझ्यासाठी उपाशी थांबे, जेवले की लगेच आडवे होई. दुसऱ्या पाळीच्या कामगारांच्या घरी हेच चालते. मुलाला झोपण्याआधी दोन-तीन तास जेवू घाला. बापाने एकट्याने जेवावे.

आणि मुलाला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी त्याला ऐकू येते का, ते पाहा. मी ते पाहिले नव्हते.