फडताळ बदलायचंय? आधी भिंत बघा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



या महिन्यात स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ बदलायला कर्जाची मागणी आली. कुणी म्हणालं, हा काय कर्जाचा विषय आहे? आहे! घरातले "चालतंय की" म्हणतात. पण कुजक्या फळीवरून डबा पडला तर सांडलेलं धान्य निवडत बसते ती बाईच.

फक्त सुताराला बोलवायच्या आधी भिंत बघा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नवं लाकूडही खाईल. मोरीचं पाणी झिरपतंय का, कौलं गळतात का, ते आधी बंद करा. वाळवीचं औषध मारताना धान्य-भांडी बाहेर काढा.

चौकट ठणठणीत असेल तर नुसती दारं-फळ्या बदला. भुशाच्या दाबलेल्या पाट्या स्वस्त मिळतात, पण पाणी लागलं की फुगतात. ओट्याखाली कडाप्पा बरा. प्लायवूड घेतलंच तर ‘आयएस ७१०’ हा शिक्का बघा. ते पाण्याला टिकतं.

आता हिशोब. १०,००० रुपये, महिना २ टक्के, शिल्लक रकमेवर व्याज, दहा हप्ते: एकूण व्याज १,१०० रुपये. तेही आपल्याच गटात राहतं. दुकानदाराच्या हप्त्याशी ताडून बघा.

पुढच्या बैठकीला सुताराचा अंदाज कागदावर आणा. आणि वरच्या फळीची उंची तुमच्या हाताने मापा, सुताराच्या नाही!