कड्यावरचे हात



लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. विटा, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेले अळीव. एका वर्षी सिंहगड केला. मातीची घोरपड करून तिच्या कमरेला सुतळी बांधली आणि ती बुरुजाला चिकटवून दिली. मग मावळे वर चढले कसे, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. सुतळीने तो सोडवून टाकला होता.

मूळ घटना पक्की आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. फेब्रुवारी १६७०मध्ये, माघ वद्य नवमीच्या रात्री, त्यांचे सरदार तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला. ते स्वतः आणि किल्लेदार उदेभान, दोघेही पडले. पुढे तीस वर्षांच्या आत सभासदाने महाराजांची बखर लिहिली. तिच्यात मावळे वानरांसारखे कडा चढतात. दोर घेऊन कडा चढणारी घोरपड तिच्यात नाही. ती येते पोवाड्यातून. बहमनी काळात अशाच घोरपडीच्या साहाय्याने किल्ला घेतला, अशी कथा घोरपडे घराण्याच्या नावाबद्दलही सांगतात. म्हणजे कथा जुनीच होती. तिला नवा, लाडका नायक मिळाला.

सिंहाचंही तसंच. तानाजी गेले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शिकलो. पण महाराजांच्या १६६३च्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आहे. नाव आधीचं, कारण मागाहून जोडलेलं. सभासदाचे महाराजही शोक करतात, पण तानाजींना ते सिंह म्हणत नाहीत; आपला एक गडच गेला, असं म्हणतात. मला हा शोक जास्त खरा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यभर गड जोडले, त्याच्याकडे माणसाची किंमत सांगायला याहून मोठं माप नव्हतं.

शाहिरांना मी दोष देत नाही. त्यांनी पोवाडा गायला नसता, तर घरोघरी तानाजी पोचले नसते. पण घोरपडीच्या दंतकथेने एक नुकसान केलं, आणि ते मला सलतं. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. तोवरच्या मिट्ट काळोखात कुणीतरी पहिला हात कपारीत घातला असेल, बोटं सोलली असतील, पायाखालचा दगड सुटला असेल, तरी तोंडातून आवाज काढला नसेल. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. घोरपडीचं मात्र माहीत आहे: यशवंती.

सिंहगडावर गेलात, तर पिठलं-भाकरीला बसण्याआधी मुलांना तानाजी कड्यापाशी न्या. घोरपडीची गोष्ट अवश्य सांगा. मग तो कडा नीट बघू द्या आणि विचारा, इथून माणूस चढला असेल तर कसा? उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.