चित्रफीत ही अमानत आहे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)





घरातली मोठी चित्रफीत दूरच्या नातेवाइकांना खाजगीपणे कशी पाठवावी, या विषयावर मी आज बोलणार आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. म्हणून आधी एक घटना सांगतो.

आपल्या कामठीतल्या एका परिचित घरी लग्न झाले. स्त्रियांच्या दालनातले चित्रण आखातात नोकरी करणाऱ्या मामांना पाठवायचे होते. मुलाने फाईल इंटरनेटवर ठेवली आणि तिची लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. ती कोणीतरी पुढे पाठवली. चारच दिवसांत नवरीच्या धाकट्या बहिणीचे चित्रण अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरू लागले. चूक भावाची, पण कॉलेज बंद झाले बहिणीचे! वडिलांची समजूत घालण्यात दोन महिने गेले. आज ती पुन्हा कॉलेजात जाते, पण तिची बुडालेली परीक्षा काही परत आली नाही.

चूक नेमकी कुठे झाली? मोबाइलवरचे एका मिनिटाचे स्पष्ट चित्रण सहज ६० ते १३० एमबी भरते. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जोडून पाठवता येत नाही. म्हणून लोक लिंकचा मार्ग धरतात. तो मार्ग वाईट नाही, पण त्यात दोन दारे आहेत. गुगल ड्राइव्हवर ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडला, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाईल उघडते. तेथे कोणी नाव विचारीत नाही. ‘मर्यादित’ हा पर्याय ठेवून मामांचा ई-मेल पत्ता लिहिला, तर ती मामांच्याच खात्यातून उघडते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ चित्रफीत शोधून सापडत नाही, पण लिंक मिळालेल्या कोणालाही दिसते. ‘प्रायव्हेट’ मात्र बोलावलेल्यांनाच दिसते.

२ जीबीपर्यंतची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवता येते. तिचा दर्जाही घटत नाही. त्याहून अधिक काळजी घ्यायची असेल, तर फाईलला आधी पासवर्डचे कुलूप लावा आणि पासवर्ड त्याच संदेशात न लिहिता फोनवर सांगा. मामांनी फाईल उतरवून घेतली, की लिंक बंद करा.

पण बंधूंनो, बेइमान माणसापुढे कोणतेही कुलूप टिकत नाही. ज्याला चित्रफीत दिसते, तो तिची नक्कल करू शकतो. म्हणून पाठवण्यापूर्वी चित्रणात जे दिसतात त्यांची परवानगी घ्या, आणि आपल्याला आलेली चित्रफीत पुढे पाठवू नका. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून जाऊ नये, अशी आज्ञा आहे. मोबाइलमधले घरही घरच आहे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे.

पूर्वी लग्नाची कॅसेट परदेशी जाणाऱ्या माणसाच्या हाती विश्वासाने दिली जाई. तोही ती अमानत समजून पोचवी. साधन बदलले, अमानत बदललेली नाही.

संस्थेला माझी एक विनंती आहे. हा धडा वर्षातून एक तास तरी वर्गात शिकवावा; मुलींना शिकवावा, आणि मुलांना तर अवश्य शिकवावा. मातांनाही बोलवावे. आणि पालकहो, उद्या असा प्रसंग आलाच, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करा, पण मुलीची शाळा बंद करू नका. कुलूप फाईलला लावायचे असते, मुलीच्या शिक्षणाला नव्हे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.