बुद्धाच्या देशातही जात असते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला सांगितलं, तुम्ही जपान पाहून आलात, तेव्हा त्यावर दोन शब्द बोला. मी सूतगिरणीतला कामगार माणूस. शाळा नववीपर्यंत झाली, पुढचं सगळं वाचन पाळ्या सांभाळून केलेलं. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि मोर्च्यांच्या निमित्तानं औरंगाबाद, एवढाच माझा प्रवास. पण थोरला मुलगा टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला आहे. त्यानं तिकीट काढलं आणि मी तीन आठवडे तिथं राहून आलो.

जपान म्हटलं की आपल्या मनात आदर उभा राहतो. भदन्त सुरई ससाई तिथून आले, नागपुरात राहिले, आपलेच होऊन गेले. बुद्धगयेच्या महाबोधी विहारासाठी त्यांनी आंदोलन उभं केलं. तेव्हा मी निघालो तो बुद्धाच्या देशाला चाललो याच आनंदात.

मुलगा राहतो त्या भागाचं नाव निशी-कासाई. हा टोकियोच्या एदोगावा विभागातला भाग. साल २००० च्या आसपास कॉम्प्युटरवाली भारतीय मंडळी तिथं राहू लागली. आता तिथं तूरडाळ मिळते, मसाले मिळतात. याच एदोगावाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचा मराठी माणूस निवडून गेला.

तिथलं रोजचं जगणं शिस्तीचं. घरात शिरताना जोडे दाराशी. आगगाडीत माणसं खचाखच, पण आवाज नाही. मी गाडीत गावाकडं फोन लावला आणि आपल्या सवयीनं मोठ्यानं बोललो, तर कोणी काही म्हणालं नाही, पण मुलानं हळूच हात दाबला. कचऱ्याचं तर वेळापत्रकच असतं. जळणारा कचरा एका दिवशी, बाटल्या-डबे दुसऱ्या दिवशी. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर ती तशीच राहते. शाळेत पोरं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. झाडू हातात घेणं हे एका जातीचं काम नाही, हे लेकरांना लहानपणीच कळतं, असं मी मनाशी म्हणालो.

पण मुलानं एक गोष्ट सांगितली. तो आधी पुण्यात नोकरीला होता. तिथं एका घरमालकानं आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिली म्हणाला. टोकियोत आल्यावर दलालानं एका मालकाला फोन केला आणि सरळ सांगितलं, परदेशी भाडेकरू त्यांना नको आहे. जपान सरकारनं २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता, असं त्यात आलं. मुलगा हसून म्हणाला, "बाबा, इथं निदान मी साऱ्या परदेशी लोकांच्या रांगेत आहे." मी हसलो नाही.

नंतर आम्ही नारा शहर पाहिलं. ही जपानची जुनी राजधानी. तिथं बागेत शेकडो हरणं मोकळी फिरतात, बिस्किटासाठी मान लववतात. मला सारनाथचं मृगदाव आठवलं. तोदाइजी नावाच्या विहारात भगवंतांची ब्राँझची महामूर्ती आहे, बसलेली, सुमारे १५ मीटर उंच. तिला दाईबुत्सू म्हणतात, म्हणजे थोर बुद्ध. बंधूंनो, इ.स. ७५२ साली या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी झाला. तो कोणी केला? आपल्या भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्खूनं. तो ७३६ साली जपानला पोचला, तिथंच राहिला आणि तिथंच ७६० साली वारला. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या लोकांनी हातात धरल्या होत्या, असं सांगतात. म्हणजे त्या डोळ्यांना सगळ्यांचाच हात लागला. माझा ऊर भरून आला.

तिथून कोयासान. हा डोंगरावरचा मठांचा गाव, इ.स. ८१६ पासूनचा. शेवटचा चढ दोराच्या गाडीनं चढायचा. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मी पुढं उभा राहिलो आणि बराच वेळ हललोच नाही. महूला जन्मलेलं, साताऱ्याच्या शाळेत बाहेर बसवलेलं लेकरू कुठवर पोचलं!

त्याच डोंगरावर ओकुनोइन नावाची मोठी स्मशानभूमी आहे. उंच उंच झाडं आणि खाली दोन लाखांहून जास्त थडगी. राजेरजवाडे आहेत, कंपन्यांची स्मारकं आहेत. एक दगड मुलानं दाखवला. तो वाळवीचा. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांनी मेलेल्या वाळवीसाठी उभा केलेला. मी म्हणालो, काय हा करुणेचा देश! मुलगा म्हणाला, "उद्या एक जागा दाखवतो, मग बोला."

दुसऱ्या दिवशी डोंगर उतरून हाशिमोतोला गाडी बदलली आणि वाकिगामी नावाच्या लहानशा ठेसनावर उतरलो. हे गोसे गावाचं शिवार. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखी शेतं, घरं, शांतता. पर्यटक कोणी नाही. तिथं १९९८ साली उघडलेलं एक संग्रहालय आहे, सुइहेइशा संघटनेचं. बंधू-भगिनींनो, ते संग्रहालय जपानच्या अस्पृश्यांचं आहे.

होय, जपानमध्ये अस्पृश्य होते. दिसायला इतरांसारखे, भाषा तीच, धर्म तोच. पण मेलेली जनावरं ओढणं, कातडं कमावणं, गुन्हेगारांना फाशी देणं ही कामं त्यांच्याकडं. म्हणून ते विटाळ. वस्ती वेगळी, सोयरीक वेगळी. त्यांना जी नावं होती त्यांचा अर्थच 'मळानं भरलेला' आणि 'माणूस नव्हे' असा. प्राणिहत्या पाप, म्हणून ते काम करणारा माणूसच पापी ठरवला. पण त्याच्या हातच्या कातड्याचा ढोल मंदिरात चालायचा. आपली हलगी लग्नात चालायची आणि वाजवणारा मांडवाबाहेर, अगदी तसंच.

आणि हे मंदिरांच्या डोळ्यांदेखत चाललं. तोकुगावा राजवटीत प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात करावी लागे. तिथं माणूस मेल्यावर भिक्खू त्याला एक धर्मनाव देतात, ते थडग्यावर कोरतात. या लोकांच्या कित्येक थडग्यांवर नावात 'जनावर' या अर्थाचं अक्षर कोरलेलं सापडलं. वाळवीला स्मारक आणि माणसाला मेल्यावरसुद्धा जनावराचं नाव! विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं आपण मराठवाड्यात झगडलो, घरं जळताना पाहिली. नावाचं मोल आपल्याला कोणी सांगायला नको.

जपान सरकारनं १८७१ साली हुकूम काढून ही अस्पृश्यता कायद्यानं संपवली. पण कागदावर. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी सुइहेइशा स्थापन केली. अर्थ असा की, सगळी माणसं एका पातळीवर. पुढाऱ्यांत साइको मानकिची हा तरुण होता, गोसेच्याच एका बौद्ध मंदिराच्या घरात जन्मलेला. झेंडा काळा, त्यावर लाल काटेरी मुकुट. इकडं बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती १९२४ साली. एकमेकांपासून हजारो कोस दूर असूनही दुखणं एकच होतं.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. तर ऐका. १९७५ साली जपानमध्ये एक छापील यादी उघडकीला आली. तिच्यात या लोकांच्या वस्त्यांची नावं, पत्ते, घरांची संख्या, धंदे. दोनशेहून जास्त कंपन्यांनी ती गुपचूप विकत घेतली होती. नोकरीचा अर्ज आला की पत्ता यादीत बघायचा. लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून पोरी-पोरांचं मूळ शोधायचं. १९७९ साली एका मोठ्या बौद्ध पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्यानं जागतिक परिषदेत सांगितलं की आमच्याकडं असा भेदभाव नाही. पुढं १९८४ मध्ये त्याला चूक कबूल करावी लागली आणि तो पंथ थडग्यांवरची नावं दुरुस्त करायला लागला. भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा अगदी २०१६ साली झाला.

आपल्या राज्यानं डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण भीमनगर लिहिलं तरी वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतंच.

आता मला सांगा, त्या दाईबुत्सूचा काय दोष? मूर्ती तीच, डोळे तेच. भगवंतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली, कारण राजपुत्रांनी त्याला वंदन करावं. जपानमध्ये भगवंतांची मूर्ती पोचली, उपालीची गोष्ट पोचली नसावी. म्हणून मला बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांचं महत्त्व त्या परक्या गावात नव्यानं कळलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नुसतं त्रिशरण-पंचशील देऊन थांबायचं नाकारलं. समता पाळीन हे तोंडानं वदवून घेतलं. बुद्ध असूनही जात राहू शकते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता घरातलं बोलतो. आपल्या विहारात वधू-वरांची नोंदवही आहे. नाव, शिक्षण, नोकरी आणि पाचवा रकाना 'पूर्वाश्रमीची जात व पोटजात'. माझं अक्षर बरं म्हणून नऊ वर्षांमागं समितीनं वही आखायला माझ्याकडं दिली. तो रकाना मीच आखला. सोमवंशी की लाडवण, हे लोक विचारतातच, मग लिहून ठेवलेलं बरं, असं तेव्हा वाटलं.

जपानला जाण्याआधी माझ्या धाकट्या मुलीसाठी एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, घरात पंचशील. पण घराणं मातंग समाजातून धम्मात आलेलं. मी नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. त्या "बघू" चा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

गोसेच्या संग्रहालयात उभं राहून मुलगा मला त्या १९७५ च्या यादीबद्दल वाचून दाखवत होता, तेव्हा मला आपली वही दिसली. त्यांची यादी मालकांनी घेतली होती. आपली यादी आपणच आखली, आपल्या हातानं, बुद्धाच्या समोर बसून.

परत आल्यावर मी त्या घरी गेलो. "बघू" म्हणालो होतो, चुकलो, असं त्या मुलाच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. उत्तर अजून दिलेलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

मायबापहो, वर्धापनदिनाला विहाराला रंग द्या, ध्वज लावा, खीरदान करा. पण आज एक काम जास्तीचं करू. समितीनं ती वही काढावी आणि पाचवा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खोडावा. आखला मी आहे, तर खोडायलाही मीच बसतो. पेन आणि पट्टी सोबत आणली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!